नबीलकाकांची खिडकी

नबीलकाका गेले, हे मला अपार्टमेंटच्या ऑफिसमधल्या बाईंनी फोनवर सांगितलं. एक म्हातारा माणूस खिडकीपाशी टेबलावर डोकं टेकून कधीचा बसलाय, असं त्यांना कोणीतरी पार्किंगमधून कळवलं होतं. कोणी, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही विचारावंसं वाटलं नाही... त्याला आता दीड महिना होईल.

काका मूळचे कैरोचे. कादंबऱ्या लिहायचे, त्याही इंग्रजीत. इथे अमेरिकेत, शॉमबर्गला, आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एकटेच राहत. लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही, आणि मी डिपेंडंट व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही, त्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ. मी मोठ्याने वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. मी अडखळले की ते वाक्य खोडायचे. अरबीत का नाही लिहीत, असं मी एकदा विचारलं. पहिल्या कादंबरीत त्यांच्या मामाला पोलिसांनी उचलून नेल्याची हकीकत होती. गल्लीतल्या चुगलखोरांना वाचता येऊ नये म्हणून इंग्रजीत लिहिली, म्हणाले, आणि स्वतःच्याच हुशारीवर पोट धरून हसले.

२००१चा सप्टेंबर उलटला आणि काही आठवड्यांनी एक अतिशय सभ्य माणूस त्यांच्याकडे आला. हातात तीच कादंबरी, पानापानाला पिवळ्या चिठ्ठ्या. हा मामा कोण, हल्ली कुठे असतो, त्याच्याकडे येणारी माणसं खरी की कल्पनेतली... "इतकं मन लावून मला कोणी वाचलं नव्हतं," काका मला म्हणाले. या वेळी मात्र हसले नाहीत.

त्यानंतर त्यांनी टेबल खिडकीशी सरकवलं आणि ब्लाइंड्स वर ओढले, ते कायमचे. एरवी हा माणूस भर दुपारी खोलीत अंधार करून लिहायचा. आता आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही, हे बाहेरून दिसायला हवं होतं. खाली कधीकधी एक करडी गाडी उभी असायची. ती माझ्या नवऱ्यानेही, संदीपने, पाहिली. "ग्रीन कार्डचं प्रोसेसिंग चालू आहे, यार. थोडे दिवस जाणं बंद कर ना." मी कसली ऐकते!

तिसरी कादंबरी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या एका ऑपरेटरची होती, लोकांची बोलणी चोरून ऐकणाऱ्या. वर्षं गेली तरी ती संपेना. उलट दर खेपेला पानं कमीच. आधी ऑपरेटरचे मित्र गेले, मग त्याचं रात्रीचं भटकणं गेलं. मला रागच यायला लागला. शेवटच्या भेटीत मी सरळ विचारलं, "काका, तो फोनवर काय ऐकतो, तेच काढून टाकलंत?"

"तो आता काही ऐकत नाही," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्याच्यासाठी तेच बरं."

मी पान उलटलं. पुढे काही नव्हतं.

त्यांची जागा आता रिकामी आहे, ऑफिसवाल्यांनी ब्लाइंड्स खाली सोडलेत. हा लेख लिहायला बसले तेव्हा मी अगदी निर्धास्त होते. मराठीत लिहायचं, इथे कोणाला काय कळणार? मग आठवलं, काकांनाही इंग्रजीबद्दल हेच वाटलं होतं... आमचं ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही. मी उठले, टेबल खिडकीशी ओढलं, ब्लाइंड्स वर केले. खाली गाडी नव्हती. तरीही बसले, आणि वरचा एक परिच्छेद खोडून टाकला.