पोटातली माहेरवाशीण

विमलकाकी स्वतःच्या पोटाशी बोलायच्या. पहाटे फिरून आल्या की ओट्यावर चटई टाकून डाव्या कुशीवर आडव्या व्हायच्या, गुडघे जवळ घ्यायच्या आणि तव्यावर गरम केलेल्या तांदळाची फडक्याची पिशवी बेंबीखाली धरून डोळे मिटायच्या. मग हळूच म्हणायच्या, "झालं गो. आलो ना आपण घरी. आता नको रुसू." शहापुरात त्यांच्या शेजारी खोली घेतली तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, त्यांच्या मांडीशी एखादी नात झोपलेली असणार. नात नव्हतीच. काकी एकट्या होत्या. मुलगा नाशिकला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली.

पोटाला त्या माहेरवाशीण म्हणायच्या. "लेक माहेरी आली की कशी वागते? काल गोड लागलेलं आज नको असतं. कारण विचारलं तर रडते. नाय विचारलं तरी रडते. तिला वळण लावायला जायचं नाय, तिचं मन राखायचं." डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून आतडी नाजूक असल्याचं सांगितलं होतं. त्या आजाराचं इंग्रजी नाव काकींना पाठ होतं, पण ते त्या फक्त दवाखान्यात वापरायच्या, ठेवणीतल्या लुगड्यासारखं.

माझंही पोट त्याच जातीचं. तालुक्याच्या कचेरीत माझी बसून नोकरी, आणि जरा भरभर चाललं की ओटीपोटात पीळ पडायचा, म्हणून चालणंच सोडलं होतं. हे काकींना कळल्यावर त्यांनी मला घराबाहेर काढलं. पहिल्याच सकाळी मी शहाणपणा केला. कपभर दुधाचा चहा पिऊन, नवे बूट घालून कालव्याच्या कडेने अशी सुटले की काकी पार मागे राहिल्या. पुलाच्या अलीकडेच कळ आली. लाजेने मरायची पाळी होती. काकी सावकाश येऊन पोचल्या, मला कालव्याच्या रुंद कठड्यावर आडवं केलं आणि पदर माझ्या अंगावर टाकला. श्वास छातीत नको, पोटात उतरू दे, म्हणाल्या. तेवढ्यात दुधाच्या किटल्या घेऊन सायकलवाला आला आणि काय झालं म्हणून थांबला. काकी त्याला म्हणाल्या, "काय नाय रे. पाणी बघतो आमी."

खरंच पाणी बघण्यासारखं होतं. कालव्यावर धुकं तरंगत होतं आणि पलीकडचा माहुलीचा डोंगर त्या धुक्यात देह नसलेल्या माणसासारखा नुसता खांद्यांपुरता उभा होता. कळ कधी ओसरली ते समजलंच नाही. पुढे आम्ही रोज जायला लागलो. आधी चहा नाही, पोटात नुसतं कोमट पाणी. चाल अशी की बोलताना दम लागू नये. दुखलं तर बसायचं, आणि घरी आल्यावर शेक, कुशीवर पडणं, मग मीठ घातलेली तांदळाची पेज. काकींचं शास्त्र एवढंच. "रक्त पडलं, वजन उतरलं तर डॉक्टर. बाकी टायमाला तिच्याशेजारी बसायचं. दुखणं आलं की माणूस पळतो, मग दुखण्याला एकटं वाटतं आन् ते मागं मागं येतं."

इतकी माया असलेली ही बाई स्वतःच्या माहेरी मात्र जात नव्हती. त्यांचं गाव मुरबाडकडचं, डोंगराच्या कुशीतलं. चैत्रात तिथे देवीची जत्रा असते. त्या पहाटे गावच्या सगळ्या लेकी, तरुण असोत की म्हाताऱ्या, अनवाणी डोंगर चढतात आणि वर देवीची ओटी भरतात. ओटी भरेपर्यंत उपास, आणि वाटेत कुणी थांबायचं नाही. एका वर्षी काकी अर्ध्या डोंगरावरून कळवळत खाली आल्या. ओटी तशीच परत आली. तांदूळ, नारळ, खण, सगळं पदरात. गावात कुजबूज झाली की देवीने विमलची ओटी नाकारली. हे पहिल्यांदा कोण बोललं तेही काकींना माहीत होतं. त्यांची वहिनी. त्यानंतर त्या गावाला गेल्याच नाहीत. मला हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, पण पिशवीतले तांदूळ त्या बोटांनी चिवडत राहिल्या. तेव्हा मला कळलं, ही बाई रोज पहाटे कालव्याच्या कडेने कुठे चालली होती ते.

"एकदा वर जायाचंय गो रेखा," त्या म्हणाल्या. "देवीनं नाय म्हणलं तर तिच्या तोंडून ऐकीन. वहिनीच्या तोंडून नाय."

त्या चैत्रात त्यांनी मला सोबत नेलं. वहिनी दारातच होती, उंच, कोरड्या चेहऱ्याची. "आलीस," एवढंच म्हणाली. पहाटे बायका अंगणात जमल्या तेव्हा काकी चुलीपाशी बसून वाटीभर पेज पीत होत्या. उपासाच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत. वहिनी म्हणाली, "विमल, ओटी भरायची हाय ना तुला?" काकींनी वाटी खाली ठेवली. "त्याच्यासाठीच पिते, वहिनी. देवी माफ करील. पोट नाय करणार."

डोंगराची वाट मोहाच्या झाडांमधून जाते. रात्रभर गळलेली फुलं वाटेवर पसरली होती आणि त्यांचा गोड, जडसर वास डोक्यात चढत होता. पुढे-मागे बायकांच्या बांगड्या, कुणाचं तरी अर्धवट गाणं. चालतोय की कुणी झोपेत उचलून नेतंय, असं वाटावं अशी ती पहाट होती. काकी आपल्या कालव्याच्या चालीने चालत होत्या. मी मनात म्हटलं, पोचणार आपण.

अर्ध्यावर एक वळण आहे, तिथे मोठा सपाट कातळ आहे. त्या कातळापाशी काकी थांबल्या. चेहरा ओळखीचा होता, ती कळ मी कठड्यावर स्वतः अनुभवली होती. इतकी पेज, इतकी तयारी, आणि तरी माहेरवाशीण रुसायची ती रुसलीच. मला रडू आलं. मागच्या बायकाही थबकल्या. मागच्या वेळी काकी इथूनच खाली वळल्या होत्या.

या वेळी त्या कातळावर डाव्या कुशीवर आडव्या झाल्या. सगळ्या गावासमोर. ओटी छातीशी धरली, गुडघे जवळ घेतले. मी तांदळाची पिशवी पोटाशी लावली, पण ती केव्हाच गार झाली होती. वाटेत थांबायचं नसतं, असं कुणीतरी पुटपुटलं. काकी डोळे न उघडता म्हणाल्या, "तुमी व्हा म्होरं. देवी काय पळून नाय जात. मी बी नाय जात."

कुणी हललं नाही. मग वहिनी पुढे आली. तिने आपली ओटी माझ्या हातात दिली, कातळावर मांडी घातली आणि हातावर हात घासून दोन्ही तळवे काकींच्या पोटावर ठेवले. तळवे गार झाले की पुन्हा घासायची, पुन्हा ठेवायची. मग खाली बघतच म्हणाली, "तवा मी बोलले ते देवीचं नव्हतं गो." काकींनी एक हात तिच्या हातावर ठेवला. एकेक करून मागच्या बायका वाटेवरच टेकल्या, जिथे होत्या तिथे, मोहाच्या फुलांत. सगळा डोंगर श्वास घेत बसलाय असं वाटत होतं. पूर्वेकडे उजाडलं तेव्हा काकी उठल्या. वर जाऊन त्यांनी ओटी भरली. देवी काही बोलली नाही. उतरताना काकी मात्र लहान मुलीसारख्या बडबडत होत्या.

त्यानंतर कितीतरी वर्षं दर चैत्रात काकी एकट्याच माहेरी जात राहिल्या, मागच्या पावसाळ्यात झोपेतच गेल्या तोवर. पोटाचं काही निमित्त नव्हतं. ती बिचारी माहेरवाशीण शेवटपर्यंत गुणाने वागली. मुलाने घर आवरलं तेव्हा मी फक्त तांदळाची पिशवी मागून घेतली. रोज फिरून आल्यावर ती गरम करते आणि पोटाशी धरते. बोलायची अजून लाज वाटते.

यंदा वहिनीचा फोन आला. विमलची ओटी रिकामी जाऊ नये, तू ये. मी गेले. पहाटे पेज प्यायले, ती वहिनीनेच वाढली. माझ्यापुढे त्या गावची एक नुकतीच लग्न झालेली लेक चालत होती, पहिल्यांदाच ओटी घेऊन. वळणावरचा कातळ आला तशा सगळ्या बायका आपणहून खाली बसल्या. मला वाटलं कुणाला बरं नाही. मी उभीच राहिले. त्या पोरीने माझा पदर ओढला.

"बसा ना ताई, इथं बसायचंच असतं," ती म्हणाली. "देवी वर जाताना तिच्या पोटात कळ आली होती, तवा ती इथंच टेकली होती."

मी वहिनीकडे पाहिलं. ती कातळावर डोळे मिटून बसली होती. मी ओटी मांडीवर घेतली आणि तिच्या शेजारी टेकले.