वास कोणाच्या घरातला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. संघटनेच्या मीटिंगमध्ये नाही, मैत्रिणींना नाही. आईला ठाऊक आहे — पण तिला सांगावं लागलं नाही, ती तिथेच होती, कढईपाशी.

आधी छातीठोकपणे सांगता येतं ते सांगते. म्यानमारमधून जीव वाचवून आलेली काही कुटुंबं आपल्या पिंपरीच्या पट्ट्यात राहतात. त्यांना धान्याची किट वाटली जायची. किटमध्ये काय? आटा! ज्यांनी जन्मात पोळी लाटली नाही त्यांना आटा. त्यात अळ्या व्हायच्या, मग देणारेच म्हणायचे, "फुकटचं मिळालं की माज येतो, बघा." मी संघटनेतर्फे पत्रक काढलं — 'गोणी उतरवली म्हणजे पोट भरलं का?' भांडले. आट्याच्या जागी तांदूळ आणला. ते बरोबरच होतं, आजही शंका नाही.

त्यातलं एक कुटुंब रावेतला, आमच्याच सोसायटीत. नवरा वॉचमन, पार्किंगलगतच्या खोलीत तो, बायको मावी आणि त्याची म्हातारी आई. तांदूळ आला तरी म्हातारी जेवेना. डाळ पुढे केली की तोंड फिरवायची. मनगटं काडीसारखी झाली. मावीने मोडक्या हिंदीत माझ्या आईला सांगितलं — गावाकडे भाताबरोबर सुके मासे असायचे. आई म्हणाली, "अगं बाई, मग आधी नाही का बोलायचं?" पिंपरीच्या बाजारातून बोंबील आणले, गुपचूप दिले. त्या दिवशी म्हातारीने दोनदा भात मागून घेतला.

गुपचूप का? कारण फ्लॅट भाड्याने घेताना एजंटने विचारलं होतं, "व्हेज ना तुम्ही?" आणि बाबा "हो" म्हणाले होते. आधी संत तुकाराम नगरात राहायचो, तिथे आमच्याकडे बोंबील भाजले की शेजारीण वाटी घेऊनच यायची. इथे आई एक्झॉस्ट लावते, दार ओढून घेते. हे मी कुठल्या पत्रकात लिहिलं? कुठल्याच नाही.

एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी काका, नाकाला रुमाल. आत आईने गॅस बंद करून कढईवर झाकण टाकलं — तो आवाज मला ऐकू आला.

"ताई, ते वॉचमनचे लोक तुमचं ऐकतात. सांगा जरा. खालून डक्टमधून वर येतोय वास. पुन्हा आला तर खोली खाली करायची म्हणावं."

काय बोलायचं होतं मला? एक वाक्य. काका, वास आमचा आहे. भर चौकात माइकवर गरजणारी मी — आणि माझ्या तोंडून काय निघालं? "सांगते."

एवढ्यावर थांबले असते तर नुसती भित्री ठरले असते. मी थांबले नाही. खाली गेले आणि खरंच सांगितलं — माझ्या त्या ठाम, समजूतदार आवाजात. लोक तक्रार करतायत, थोडे दिवस बोंबील बंद ठेव.

मावीने माझ्याकडे पाहिलं. "दीदी, आज तो सिर्फ चावल बनाया है." पातेल्यावरचं झाकण उचलून दाखवलं. पांढरा भात. माझ्या कुडत्याला येणारा वास तिला आला नसेल? आलाच असणार. मी म्हटलं, "फिर भी."

तिने फळीवरचे उरलेले बोंबील पिशवीत बांधले आणि माझ्या हातात दिले — खोलीत राहिले तर म्हातारी मागेल म्हणून. म्हातारी भिंतीला टेकून पिशवीकडे बघत होती. पुढे ती मीठ-भाताचे चार घास खायची, कधी तेही नाही. महिन्याभराने ती तिघं खोली सोडून चाकणकडे गेली. चाकणला कुठे? मी विचारलं नाही. तो भित्रेपणा नव्हता, ती सोय होती — माझी.

सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी माझे आभार मानले. मी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

आणि ती पिशवी? ती मी वर घेऊन आले. आईने खिडकी लावली, झाकण काढलं, गॅस पुन्हा पेटवला. पिशवीतलेही बोंबील कढईत टाकले. भूक लागली होती. मी पोटभर जेवले.