मधला कोण?

टपरीवर पाच वडे आले की तो आधी ते लहानमोठे असे ओळीने लावायचा. मग तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणायचा, "ह्यो मधला. ह्यो माझा." तोवर वडे गार झालेले असायचे, आणि आम्ही त्याच्या नावाने बोटं मोडायचो.

ही सवय कामातली. चाकणच्या आमच्या कारखान्यात तो तपासणीच्या टेबलावर, मी पगाराच्या. दर तासाला लाइनवरचे पाच नग उचलायचे, मापून ओळीने लावायचे, मधला बघायचा. "टोकाचा एखादा फसवतो, राव. मधला खरं सांगतो," हे त्याचं पालुपद.

बायको आणि मुलगी लातूरकडच्या गावी. इथे एका खोलीत तो आणि आणखी चौघे. "यंदा पगार वाढला की आणतो दोघींना," हे मी नऊ वर्षं ऐकलं. पहिल्याच वर्षी मुलीसाठी आरसा आणून तिच्या उंचीवर खिळा ठोकला होता. पुढे दर वर्षी गावाहून तिची उंची सुतळीवर मापून आणायचा आणि आरसा वर सरकवायचा. भिंतीवर खिळ्यांची उभी ओळ झाली होती.

यंदा नोटीस लागली: सरासरी पगार चांगला वाढला आहे, सबब पगारवाढ नाही. आकडा मीच काढलेला, आणि चुकीचा मुळीच नव्हता. ठेकेदाराचे असोत की कायम, सगळे माझ्या एकाच यादीत. वरच्या तीन साहेबांचे पगार भरघोस वाढले होते. त्यांना धरून भागाकार केला की सगळ्यांचंच बरं चाललेलं दिसायचं.

"भावा, समद्यांना पगाराप्रमाणं वळीनं हुबं कर," तो म्हणाला. "आन् मधला कोण ते सांग. नऊ वर्सांमागचा बी."

मी गुपचूप जुने कागद काढले. मधल्या माणसाचा पगार जेवढा वाढला होता, तेवढा खोलीच्या वाढलेल्या भाड्यातच जात होता. आणि दोन्ही वेळा मधला माणूस तोच होता.

"म्हंजी म्या हललोच न्हाई," तो हसून म्हणाला. मला काही हसू आलं नाही.

कँटीनमधल्या बैठकीत तो उभा राहिला. "सायब, तुमचा पगार वाढला की आमची सरासरी वाढती. मधला माणूस बगा की. तो हाय तिथंच हाय."

"हे आकडे तुला कुणी दिले?" साहेबांनी विचारलं.

मी मागच्या बाकावर ताटातले वाटाणे चिवडत होतो.

"कुनी न्हाई. मापायचंच काम हाय की माझं," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

सोमवारी त्याचं कार्ड गेटवर चाललं नाही. ठेकेदाराचा माणूस, त्याला कारण सांगायचीही कुणाला गरज पडली नाही. मी खोलीवर गेलो तेव्हा तो आरसा गोणपाटात गुंडाळत होता.

"मी बोलायला पाहिजे होतं," मी म्हणालो.

"आन् मग तुझी पोरं? बस, च्या घे."

मी बसलो, चहाही घेतला. त्या चहाची मला अजून लाज वाटते. नोकरी मात्र सोडवत नाही. दोन्ही मुलं इथेच शाळेत आहेत.

परवा नवी सरासरी काढली. एकाचाही पगार वाढलेला नव्हता, तरी आकडा जरासा वर सरकला होता. दोनदा तपासलं, चूक नव्हती. सरासरीपेक्षा कमी पगाराचा एक माणूस यादीतून गेला होता आणि त्याच्या जागी अजून कुणी घेतलेलं नव्हतं, एवढंच.

आकडा बरोबर होता. मी नोटिशीवर सही केली.