बोनेट बंद, पंखा बंद

टर्बोच्या गाड्या आणखी जोरात पळाव्यात म्हणून त्यांच्यात बाहेरचे भाग बसवून घेणाऱ्या माणसांविषयी मला आदर वाटत नाही. असं सरळ लिहिताना संकोच होतो, कारण सहा आठवडे मी त्याच माणसांच्या गाड्यांवर काम शिकले, आणि जे शिकले ते उपयोगाचं होतं. तरी तुच्छता वाटते ती वाटतेच. कुठून सुरू झाली, एवढंच सांगायचा प्रयत्न करते.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेजचा नियम असा की उन्हाळ्यात सहा आठवडे कुठल्या तरी उद्योगात प्रशिक्षण घ्यायचं, त्याचा रिपोर्ट लिहायचा, आणि रिपोर्टच्या प्रत्येक पानावर त्या उद्योगाचा शिक्का हवा. शिक्का नसेल तर निकाल अडकतो, आणि निकाल अडकला की कॅम्पसच्या मुलाखतींच्या यादीत नाव येत नाही. ती यादी म्हणजे माझ्यासाठी सगळं होतं. आजोबा पलटणीतून निवृत्त होऊन इंदूरजवळच्या महूलाच राहिले, पप्पा पीथमपूरच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतात, आणि आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. नोकरी कशी लागते हे विचारायला घरात कुणी नव्हतं. यादी तेवढी समजत होती.

कारखान्यांतल्या जागा ओळखीवाल्यांना गेल्या. मला इंदूरच्या बायपासवरचं एक गॅरेज मिळालं. मालक त्याला गॅरेज म्हणू द्यायचे नाहीत, स्टुडिओ म्हणायचे. पांढरी फरशी, काळा सोफा, कॉफीचं मशीन. ते पुण्याचे. तिकडची कंपनीतली नोकरी सोडून इंदूरला आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, ऐकून फक्त "अच्छा" म्हणाले, आणि मग माझ्या मराठीकडे वळले. मी "वाट पाहून राहिले होते" असं काही म्हटलं की ते तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवायचे आणि हसायचे. इंदूरला का आलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, पुण्यात गिऱ्हाईक प्रश्न विचारतं, इथे फोटो काढतं.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हवा थंड असली की दाट असते आणि ताकद वाढते, गरम असली की घटते. एवढं समजलं की पुढचं सगळं समजतं. ताकद खरोखर वाढवायची तर गाडीच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलावा लागतो, दाबलेली हवा गार करणारा मोठा इंटरकूलर लावावा लागतो, मग ब्रेकही सुधारावे लागतात. तेही काम तिथे होत असे, पण क्वचित. बहुतेकांना संगणकाला हात लावू द्यायचा नसे, कारण कंपनीची वॉरंटी जाते. त्यांना हवी असे डब्याच्या फिल्टरऐवजी उघडी, शंकूसारखी हवेची जाळी, चकचकीत पाइप, आणि ॲक्सिलरेटर सोडला की फुस्स आवाज करणारा एक व्हॉल्व्ह.

गिऱ्हाइकांकडे मी सोफ्याच्या मागून पाहत असे. दोन दारांची गाडी, जिला शंभराच्या वर जायला बायपासवरसुद्धा जागा मिळत नाही, ती घेऊन ही माणसं विजयनगरहून छप्पन दुकानला पोहे खायला जायची. स्पीडब्रेकर आला की गाडी तिरकी करून, मुंगीच्या चालीने न्यायची, आणि खालचा पत्रा घासू नये म्हणून एक मित्र उतरून वाकून बघायचा. आणि ब्रेकर ओलांडला की फुस्स. मला त्या आवाजाचा राग येत नव्हता. तो ऐकून त्यांचे चेहरे जे व्हायचे त्याची शिसारी यायची.

माझ्या रिपोर्टसाठी मालकांनी एक लाल जर्मन गाडी ठरवून दिली. तिचा मालक माझ्याच वयाचा, वडिलांचा सियागंजात घाऊक व्यापार. जाळी, पाइप आणि व्हॉल्व्ह बसवायचे, आणि आधी किती ताकद होती, नंतर किती झाली याचे दोन ग्राफ काढून द्यायचे. त्यासाठी गॅरेजात डायनो होता. जमिनीत बसवलेल्या रोलरवर गाडीची चाकं चढवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. ताकद किती, ते संगणक ग्राफ काढून दाखवतो. सहा आठवड्यांत मला खरंच आवडलेली गोष्ट कुठली असेल तर ती ही. तिथे कुणाचं आडनाव लागत नव्हतं.

गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी येऊन राहिली होती. मी महूहून पहिली बस धरून मालकांच्या तीन तास आधी पोहोचले. कॉलेजच्या पुस्तकात लिहिलं होतं की तुलना करायची तर दोन्ही चाचण्या सारख्याच परिस्थितीत घ्याव्यात. म्हणून जुना फिल्टर असतानाच बोनेट उघडून, दोन्ही मोठे पंखे समोर लावून मी पहिली चाचणी घेतली. मग बोनेट बंद करून एक. मग गॅरेजातच राहणाऱ्या मेकॅनिकच्या मदतीने नवी जाळी बसवली, इंजिन पुन्हा तेवढंच गार होऊ दिलं आणि तशाच दोन चाचण्या घेतल्या. बोनेट उघडं असताना नव्या-जुन्याच्या रेषा एकमेकींवर बसल्या. बोनेट बंद केल्यावर नवी जाळी नऊ हॉर्सपॉवरने कमी भरली. कारण साधं होतं. कंपनीचा फिल्टर पुढच्या ग्रिलमधून बाहेरची हवा घेतो, ही उघडी जाळी इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढते. आणि रस्त्यावर कुणी बोनेट उघडं ठेवून गाडी चालवत नाही.

मला वाटलं, मी काहीतरी शोधलं. ग्राफ छापून मी मालकांच्या टेबलावर ठेवले.

"हे तुला कुणी करायला सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी पुस्तकाचं सांगितलं. ते चिडले नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं त्यांनी मला समोर बसवलं.

"आधीचा ग्राफ आपण दुपारी काढतो," ते म्हणाले. "गाडी शहरातून तापून आलेली असते. बोनेट बंद, पंखा बंद. नंतरचा सकाळी काढतो. रात्रभर गार झालेलं इंजिन, बोनेट उघडं, दोन्ही पंखे. मधला जो फरक, ते आपलं काम."

मी म्हणाले की हे खोटं आहे. म्हणजे, असं वाटतं की खोटं आहे, असं म्हणाले.

"आकडा आपण लिहीत नाही, अगं. मशीन दाखवतं तोच देतो."

मग त्यांनी सांगितलं की जुना फिल्टर परत लावायचा, दुपारी दोनला ते स्वतः बायपासवर एक चक्कर मारून गाडी तापवून आणतील, आणि आधीचा ग्राफ तेव्हा काढायचा. माझा रिपोर्ट याच गाडीवर आहे ना, असंही विचारलं. म्हणजे शिक्का कुठल्या ग्राफवर बसेल हे मला समजावं. मी म्हणाले, आज मेकॅनिक दुपारी नाहीये, उद्या करू का. मेकॅनिक तिथेच उभा होता. ते हसले आणि म्हणाले, कर उद्या.

संध्याकाळी घरी मी पप्पांना सगळं सांगितलं. ते कामावरून येऊन चहा पीत होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं, टर्बो म्हणजे काय तेही विचारलं.

"त्या गाडीच्या कागदावर तुझं नाव आहे का?"

मी म्हणाले, नाही, फक्त रिपोर्टवर.

"मग शिक्का घेऊन घे, बेटा. आमच्याकडे पण रोज कमीजास्त पेट्या मोजून राहिलेत, कोण पाहते. तुझं काम तिकडून निघून येण्याचं आहे."

पप्पांनी माझ्या भल्याचंच सांगितलं. तरी त्या क्षणी मला त्यांच्याविषयीही तेच वाटलं जे सोफ्यावरच्या गिऱ्हाइकांविषयी वाटायचं. पंचवीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवून ज्याने माझी फी भरली त्या माणसाविषयी. मी उठून भांडी घासायला गेले. याहून लाज वाटावी असं मी काही केलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते काम केलं. नवी जाळी काढली, कंपनीच्या फिल्टरचा डबा परत बसवला, सगळे स्क्रू मोजून लावले. दोनला मालक गाडी तापवून घेऊन आले. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत पत्र्याखाली त्याहून वाईट. डायनोचा संगणक खोलीतल्या तापमानाचा हिशेब धरतो, बोनेटखाली काय शिजतंय ते त्याला कळत नाही. मी बोनेट बंद केलं, पंख्यांची बटणं बंद केली, पट्टे ताणून पाहिले आणि चाचणी घेतली. आदल्या सकाळच्या, नव्या जाळीच्या, पंख्यांसमोरच्या ग्राफशी लावून पाहिला तर फरक बावीस हॉर्सपॉवरचा निघाला. मालकांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी ते काम फार नीट केलं होतं, हेही लिहायला हवं. चुकवून करता आलं असतं.

गाडी घ्यायला तो मुलगा दोन मित्रांना घेऊन आला. एकाच्या हातात फोन, शूटिंग चालू. मालकांनी दोन्ही ग्राफ काचेच्या टेबलावर ठेवले आणि हिंदीत म्हणाले की आता आमच्या इंजिनीयर मॅडम समजावून सांगतील. असं ते नेहमी करायचे. मुलीने सांगितलं की गिऱ्हाइकाला जास्त खरं वाटतं, असं त्यांचं मत होतं.

मी आधी डायनो कसा चालतो ते सांगितलं, मग टर्बो कसा चालतो ते, जे त्यांनी विचारलं नव्हतं. आणि मग एकदम म्हणाले, "भैया, ये दोनों ग्राफ एक जैसी हालत में नहीं निकले हैं। बोनेट बंद करके नापो तो नया वाला पुराने से कम है।"

मुलाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कितना कम?"

"नौ."

तो विचारात पडला. खरंच पडला, मी पाहत होते. मित्राने फोन खाली केला. मला वाटलं आता हा भडकेल, ग्राफ फाडेल, मालकांना चार शब्द सुनावेल. माझा शिक्का तर जाईल, पण निदान मी बरोबर ठरेन.

"पर आवाज तो आएगी ना, मॅडम?"

आवाज येईल, मी म्हणाले.

"बस फिर." तो मालकांकडे वळला. "भिया, ये बाईस वाला बड़ा करके लेमिनेट करवा दो. दुकान पे लगाएँगे."

त्याला सगळं कळलं होतं. नऊ कमी हेही, बावीस कसे आले हेही. त्याने दोन्ही ऐकले आणि त्यातला जो भिंतीवर शोभेल तो घेतला. मित्र हसले, पण मला नाही. माझ्याकडे परत कुणाचं लक्षच नव्हतं. गाडी बाहेर काढताना त्याने फाटकाशीच दोनदा फुस्स केलं.

"बघितलंस?" मालक मराठीत म्हणाले. "तुला वाटत होतं मी यांना फसवतो."

ते माझ्यावर रागावलेच नाहीत. मला त्याचाच जास्त राग आला. राग यावा एवढंही माझं बोलणं त्यांना जड गेलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी रिपोर्ट शिक्क्यासाठी नेला. त्यात मी माझ्या पहिल्या सकाळचे बाकीचे ग्राफही घातले होते. मालकांनी पानं चाळली, ती तेवढी अलगद बाहेर काढली आणि म्हणाले, हे तुझ्यासाठी ठेव. उरले ते बावीसवाले दोन ग्राफ. कॉलेजच्या नमुन्यात प्रत्येक ग्राफखाली चाचणीची परिस्थिती लिहायची जागा असते. ती मी आदल्या दिवशीच भरली होती. पहिल्याखाली: दुपारी दोन, गाडी चालवून तापवलेली, बोनेट बंद, पंखा बंद. दुसऱ्याखाली: सकाळी नऊ, इंजिन गार, बोनेट उघडं, दोन पंखे. अक्षर नेहमीचंच, बारीक केलं नव्हतं. मालक फोनवर बोलत बोलत एकेका पानावर शिक्का मारत गेले. त्या पानावरही मारला. ते वाचणार नाहीत हे मला माहीत होतं. सहा आठवड्यांत त्यांनी काहीच वाचलेलं मी पाहिलं नव्हतं.

बसमध्ये मी ते पान पुन्हा पुन्हा काढून पाहिलं. मला फार हुशार असल्यासारखं वाटत होतं. मी खोटं लिहिलं नव्हतं, आणि शिक्काही मिळाला होता. तोंडी परीक्षेत कुणीतरी त्या दोन ओळी वाचेल, मान वर करेल आणि मला शाबासकी देईल, असं मी मनात ठरवूनच टाकलं. काय उत्तर द्यायचं तेही पाठ केलं.

बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचायला घेतला. त्या पानाशी थांबले. दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं, परत पहिल्या ओळीवर आणलं.

"टेस्ट किसने किया?"

मी म्हणाले, मी केली.

"और ये नीचे किसने लिखा?"

तेही मीच, मी म्हणाले, आणि पाठ केलेलं उत्तर सुरू केलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मतलब मालूम था।"

त्यात राग नव्हता. मी सोफ्यामागून गिऱ्हाइकांकडे ज्या नजरेने पाहायची, साधारण त्याच नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फारच थोडा वेळ, आणि गुण लिहिले. पास होण्यापुरते होते. माझं नाव यादीत आलं, तेही शेवटून तिसरं.

दाराबाहेर पुढच्या नंबरचा मुलगा फाइल छातीशी धरून उभा होता. आत काय विचारतात, त्याने मला घाईने विचारलं. मी म्हणाले, फारसं काही नाही, पण सगळं वाचतात.