उचललेली वाक्यं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि आता तो ऐकायला उरलेला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखता – निदान तुम्हाला तसं वाटतं. मालिकांमधली ती खवचट शेजारीण, वाटीभर साखर मागायला येऊन घराची अब्रू घेऊन जाणारी – ती मी. नायिका कधीच नव्हते. पण माझं वाक्य आलं की लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे. हजरजबाबी म्हणतात मला. हा शब्द कानावर पडला की मी विषय बदलते. कुणी माईक पुढे करून अचानक काही विचारलं, की तो मी दुसऱ्याकडे सरकवते.

का, ते सांगते. जरा मागून यावं लागेल.

रत्नागिरीत आमची हौशी नाटक मंडळी होती. दिवसा मी मिरजोळ्याला एका कारखान्यात टायपिस्ट, संध्याकाळी तालीम. प्रॉम्प्टर होती जुलेखा – पावसकडची, माझ्याच वयाची, शाळेत मराठी शिकवणारी. उजेडात उभं राहणं तिला आवडत नसे. विंगेत स्टुलावर बसायची, मांडीवर संहिता, आणि ओठ न हलवता वाक्य पोचवायची. तिचा नियम एकच – मी टाकेन, तू उचल.

एका प्रयोगात ऐन संवादात वीज गेली. मांडवात गलका झाला. मी थिजले. आणि विंगेतून तिची कुजबुज आली. मी ती जशीच्या तशी मोठ्यानं म्हटली – "घाबरू नका, नुसती वीज गेलीय. आमचे हे इथेच आहेत. माझं नशीब एवढं कुठलं?" काळोखात जो हशा उठला, तो मला फार आवडला. तिथंच सगळं सुरू झालं.

मग ते न बोलताच ठरून गेलं. संहितेत नसलेली वाक्यं ती टाकायची, मी उचलायची. नायक म्हणायचा, या घरात माझं कुणी ऐकत नाही. लगेच माझं उत्तर – "ऐकतात की, अख्खी वाडी ऐकते. मानत कुणी नाही एवढंच." पार राजापुराहून लोक मला बघायला यायला लागले. मला! विंगेतल्या बाईला कोण बघणार? कुणी विचारलं तर मी म्हणायचे, आयत्या वेळी सुचतं हो. जुलेखा नुसती हसायची. तिला चालत असेल, असं मी धरून चालले. तिला विचारलं कधी? नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? नाटकात असं चालतंच. थांबा – एवढंच असतं तर मी इतकी वर्षं घाबरून राहिले नसते.

एकदा मुंबईचे एक दिग्दर्शक प्रयोगाला आले. नंतर रंगपटात आले – रंगपट कसला, मांडवाच्या मागे लावलेलं कापड. मी तोंडाचा रंग पुसत होते. मालिकेत काम कराल का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाले, असं चुरचुरीत लिहिणारं कुणी आहे का तुमच्यात? तिकडे मला माणूस मिळत नाहीये.

कसं सांगू? त्याच आठवड्यात जुलेखानं मला तिनं लिहिलेल्या नाटकाची वही वाचायला दिली होती. दोनशे पानी, दोन अंक पुरे झालेले. एसटीत वाचताना मी इतकी हसले की कंडक्टर वळून बघायला लागला. कुणाला दाखवता येईल का गो, एवढंच तिनं विचारलं होतं.

आणि मी म्हटलं, "नाही हो. आमच्यात लिहिणारं कुणी नाही."

ती मुंबईला आली असती, तर वाक्यं कुणाची ते चार दिवसांत कळलं असतं. मग माझ्याकडे काय उरलं असतं? ह्या भीतीनं मी खोटं बोलले. बोलून झाल्यावर लक्षात आलं, कापडापलीकडे कुणीतरी नाटकाचं सामान आवरतंय. आवरायचं काम जुलेखाच करायची. तिनं ऐकलं? दुसऱ्या दिवशी मी वही परत केली. बरी आहे, पण नाट्य नाही त्यात – असंही वर म्हटलं. तिनं ती पिशवीत घातली आणि माझ्या प्रवासाची चौकशी केली.

मुंबईत पुढे त्यांना लिहिणारे मिळाले, माझं निभावलं. पण रत्नागिरीहून फोन आला की तो मी नवऱ्याला घ्यायला लावायचे. ऐकलं होतं का तिनं? ती कुणाला बोलली तर?

गेल्या महिन्यात रत्नागिरीत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि वर प्रकट मुलाखत. पहिल्या रांगेच्या टोकाला, माझ्यापासून चार हातांवर, जुलेखा बसली होती. केस पांढरे, डोक्यावर पदर. मुलाखतकारानं विचारलं, इतक्या वर्षांनी आलात, गावात काय बदललेलं दिसलं? साधा प्रश्न. मला काही म्हणता काही सुचेना. सभागृह वाट बघतंय, मी माईक घट्ट धरून बसलेय – आणि तीच कुजबुज आली.

मी उचललं. "नावं तर तेव्हाही ठेवायचे. आता आधी शाल देतात एवढंच."

टाळ्या थांबेनात. माईक माझ्याच हातात होता. तिचं नाव घ्यायला कितीसा वेळ लागला असता? मी हात जोडले आणि टाळ्या घेत राहिले.

नंतर ती पायऱ्यांपाशी भेटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तिथं बसून तुला प्रश्न नीट ऐकू आला?

"प्रॉम्प्टरला सगळं ऐकू येतं गो बाय," ती म्हणाली. "पयल्यापासून."

ती रिक्षाकडे गेली.

त्या वहीत नाट्य होतं. वही परत करतानाही मला ते माहीत होतं.