वरच्या मजल्यावरचं इंग्रजी

म्हैसूरच्या गोकुलम भागातल्या आमच्या घराचा वरचा मजला आम्ही योग शिकायला येणाऱ्या परदेशी लोकांना भाड्यानं देतो. त्या वर्षी आयर्लंडची एक बाई आली, माझ्यासारखीच पन्नाशीला टेकलेली. तिकडे ती शाळेत शिकवायची. त्याच सुमारास जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनची जागा निघाली, आणि ती मला हवीच होती. मुलं बंगळूरला गेल्यापासून घर खायला उठत होतं. अडचण एकच, मी कन्नड माध्यमाची. इंग्रजी कळायचं सगळं, पण बोलायची वेळ आली की दातखीळ बसायची. बाईनं रोज सकाळी तासभर शिकवायचं कबूल केलं, तेही फुकट. मुलाखतीला महिना होता.

ती मात्र उठता-बसता आभार मानायची. पाणी दिलं, थँक्यू. दार उघडलं, थँक्यू. माझं टाळकं सटकायचं. आमची चौथी पिढी म्हैसुरात मराठी बोलतेय, पण घरच्या माणसाचे आभार कुणी मानलेले मला आठवत नाहीत. आभार समारंभात मानायचे, हार घालून झाल्यावर. चहा दिल्यावर नवरा थँक्यू म्हणाला असता तर मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

मी आपली माझ्या रीतीनं वागत होते. शिकायला जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही. कधी उप्पिट, कधी चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात. आसनं करून तिचा गुडघा सुजला तेव्हा दोन दिवस कोमट तिळाचं तेल चोळलं.

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, ‘‘उद्यापासून तास बंद करू या. तुला हे आवडत नाही, मला दिसतंय. एवढ्या दिवसांत तू एकदाही थँक्यू म्हटलं नाहीस.’’

माझं डोकंच फिरलं. जिन्यात उभी राहून मी तिला इंग्रजीत फैलावर घेतलं. मग उप्पिट काय होतं? तेल काय होतं? लिंबं महाग असताना चित्रान्न कुणासाठी केलं? नवरा देवराज मोहल्ल्यातलं शिलाईचं दुकान उघडायला निघाला होता, तो धावत आला. ‘‘अय्यो, साकु, साकु, पुरे कर गे!’’ अर्धं कन्नड, अर्धं मराठी ओरडत तो म्हणाला. ‘‘शेजारी गेटाशी आलेत!’’

मी थांबले. बाई टक लावून बघत होती, मग तिला हसू फुटलं. ‘‘एवढा वेळ तू इंग्रजीत बोलत होतीस,’’ ती म्हणाली, ‘‘आणि कुठेही अडखळली नाहीस.’’

आम्ही पायरीवरच बसलो. तिनं सांगितलं, तिच्या आईच्या घरी ताटात बटाटा पडला आणि थँक्यू म्हटलं नाही, तर बटाटा परत पातेल्यात जायचा. तो शब्द तिच्याकडे परक्यासाठी नव्हताच, घरातलाच होता. तीन आठवडे ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती आणि मी तिला डबे देत होते. मला फार वाईट वाटलं. तास दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू झाले.

मुलाखतीत डॉक्टरांनी विचारलं, ‘‘इंग्रजी कुठे शिकलात?’’ पाठ केलेली उत्तरं बाजूला ठेवून मी जिन्यातलं भांडण सांगितलं. त्यांनी हसत हसत चष्मा काढून डोळे पुसले आणि एक तारखेपासून यायला सांगितलं.

घरी आले ती तडक वर गेले. थँक्यू अगदी जिभेवर होतं, पण तिनं दार उघडल्यावर ते पुरणार नाही असं वाटलं. तोंडातून मराठीच निघालं, ‘‘तू नसतीस तर मी त्या दवाखान्याची पायरीही चढले नसते गे.’’

तिला एक अक्षर कळलं नाही. बोट वर करून ती म्हणाली, ‘‘इन इंग्लिश, प्लीज.’’

मग मी सगळं इंग्रजीत सांगितलं, तिच्याकडे बघत, एकेक शब्द शोधत. या वेळी राग मदतीला नव्हता, म्हणून फार वेळ लागला. शेवटच्या शब्दापर्यंत ती दारात उभी होती.