एका चुलीचं कुटुंब

आमच्या घरात माणसं पाच आणि चुली दोन होत्या, आणि डॉक्टरांची हरकत दुसऱ्या चुलीला होती.

हिंदी मुलखातल्या राइट टाउनात राहायला आल्यापासून बंगाली डॉक्टरबाबूंशी बाबांचा ठराव होता. वर्षाला ठरलेली फी द्यायची, मग घरात कुणीही कितीही आजारी पडो! (बाबा याला ‘तब्येतीचा विमा’ म्हणत, आणि तो फुकट जाऊ नये म्हणून वर्ष संपता संपता आम्हा सगळ्यांच्या जिभा दाखवून घेत.) त्या जानेवारीत डॉक्टरबाबूंनी फी एकदम दुप्पट केली! वर नवी अट घातली : एका चुलीवरचं जेवतील तेवढेच कुटुंबात. रविवारी जेवणाच्या वेळी ते स्वतः येऊन बघणार होते.

बाबा मटकन खाली बसले. कारण आत्या! बाबांची थोरली बहीण, कडक सोवळ्याची, स्वतःच्या चुलीवर स्वतःपुरतं रांधणारी. आणि दमा तिलाच! वेगळी फी पडते म्हटल्यावर ती डॉक्टरांना बोलावू देणार नाही, खोकला दाबत बसेल, हे बाबा ओळखून होते.

“अक्का, एक दिवस आमच्या चुलीवरचं जेव ना!”

“काहून? कांदा शिजते त्या चुलीवर! त्यापेक्षा मेलेली बरी.”

“अगं, तू मरू नये म्हणूनच तर करून राहिलो हे सगळं!”

आत्यानं क्षणभर विचार केला. “मग तुमची चूल विझवा. सगळे माझ्या चुलीवरचं जेवा. सोवळ्यानं!”

“जानेवारीत?” काकांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. “वहिनी, डॉक्टर येण्याआधी अक्काच आपल्याला वर पोचवते!”

सोवळ्याचं रेशमी वस्त्र घरात एकच होतं, ते आत्याच्या अंगावर. बाकीच्यांना ओलेत्याशिवाय गत्यंतर नव्हतं. रविवारी बाबा आणि काका उघड्या अंगानं ओलं धोतर नेसून पाटावर बसले, आई ओल्या लुगड्यात. तिघांचे दात असे वाजत होते, की भजनी मंडळ बसलंय असं वाटावं!

मला मात्र आत्यानं दारातच अडवलं. “तू नाही. मडमांच्या शाळेत केक खाते. अंडं असते त्यात!”

“आत्या, फक्त नाताळातच...”

“पाहा! वरून सांगते!”

(आमच्या शाळेत खोटं न बोलण्यावर फार भर होता. तिथंच सगळा घात झाला.)

“चलो, ठीक आहे,” बाबा कुडकुडत म्हणाले. “तू डॉक्टरांना हे सोवळं इंग्रजीत समजाव, मला हिंदीत नाही जमत.”

मी! पाहुणे आले की मी पडद्यामागे उभी राहणारी. अंगातल्या लोकरी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून मी दाराशी जाऊन उभी राहिले.

डॉक्टरबाबू आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थिजले. “हे भगवान! मास्टरजी, ये सब कब से बीमार हैं?”

“देहरी के अंदर नहीं!” उंबऱ्याकडे बोट दाखवत आत्या आतून कडाडली.

मग मी बोलले. सोवळं, ओलेतं, आत्याची चूल, सगळं इंग्रजीत, एकदाही न अडखळता! जन्मात पहिल्यांदा! आई ताटावरून माझ्याकडे बघतच राहिली.

“सब एक ही चूल्हे का खाते हैं?” डॉक्टरबाबूंनी विचारलं.

“सब!” बाबा, काका, आई एका सुरात थरथरले.

डॉक्टरबाबूंनी कौतुकानं माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, तूसुद्धा? आणि ओघाओघात मी इंग्रजीत खरं ते सांगून टाकलं.

आत्या कुटुंबात आली. मी बाहेर!

“अगं, आधीच जेवले म्हणायचं ना!” काकांनी कपाळावर हात मारला.

ओलेत्यानं जेवलेल्या तिघांपैकी एकालाही साधी शिंक आली नाही. आत्याचा दमासुद्धा गप्प. तापानं फणफणले ती मी एकटी, लोकरी कोटासकट! डॉक्टरबाबू आले, त्यांनी माझी वेगळी फी घेतली आणि निघताना बाबांना म्हणाले, “मास्टरजी, बिटिया अंग्रेज़ी बहुत अच्छी बोलती है.”

“जी,” बाबा म्हणाले, “महँगी पड़ती है!”